पंखा एकवर

डोंगरी म्हटलं की ऐकणाऱ्याला मुंबईतली, सँडहर्स्ट रोडजवळची डोंगरी आठवते. आमची डोंगरी वेगळी. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उत्तनकडे जाणारी बस धरायची. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडले की टेकडीच्या अंगाला आमचं गाव लागतं. बेथलेहेम मातेचं चर्च आहे, आणि पुढे उत्तनच्या किनाऱ्याला वलांडीवर वाळणारे बोंबील. अलीकडे मेट्रोच्या कारशेडच्या वादामुळे गावाचं नाव पेपरात येऊ लागलंय. हवा अशी की मे महिन्यात आंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा घाम येतो.

अशा गावात मला बारा महिने थंडी वाजते.

सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे थंडी हा आमच्याकडे पाहुणा, तोही कधीतरी येणारा. काश्मीरमध्ये कुणी कुडकुडलं तर त्याला कांगडी देतात. आमच्याकडे कुडकुडणाऱ्याला हसतात. घरात पाच माणसं आणि हॉलमध्ये एक पंखा. चौघांना तो पाचवर हवा, मला एकवर. सुरुवातीला चेष्टा झाली, मग कुरबुर, मग मी गुपचूप आतल्या खोलीत जाऊन बसू लागले. दीर्घ आजारातल्या थंडीचा हा भाग डॉक्टरांच्या कागदावर कधी येत नाही. ती थंडी माणसाला घोळक्यातून उठवून आतल्या खोलीत पाठवते.

पहिल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, ‘वय झालं, बाई. या वयात असं होतंच.’ थर्मामीटर ९७ दाखवत होता, ताप नव्हता, विषय संपला. दोन वर्षं मी स्वेटरवर काढली. केस गळत होते, पोट साफ होत नव्हतं, आवाज घोगरा झाला होता, जेवण कमी असून वजन वाढत होतं. या सगळ्याची मोट कुणी बांधली नाही, मीही नाही.

थर्मामीटरचा यात दोष नव्हता. तो शरीराच्या गाभ्याचं तापमान मोजतो. थंडी वाजण्याची जाणीव मात्र मुख्यतः त्वचेकडून येते. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, तो या दोन्हींचा हिशेब ठेवतो. गाभा सदतीस अंशांच्या आसपास राहावा म्हणून तो गरज पडली की हातापायांकडचा रक्तपुरवठा आवळतो. घर वाचवायला अंगणातला दिवा विझवावा, तसं. म्हणून आत सारं ठीक असतानाही बोटं बर्फ होतात. आणि ही उष्णता येते कुठून? स्वस्थ बसलेला माणूस साधारण ८० ते १०० वॉट उष्णता देत असतो. जुना पिवळा बल्ब देतो तेवढी. या बल्बची ज्योत कमी-जास्त करणारी खुंटी म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी. खुंटी खाली गेली, किंवा उष्णता वाहून नेणारं रक्त कमी पडलं, किंवा नळ्या अरुंद झाल्या, की माणूस मे महिन्यातही गारठतो. बहुतेक आजारांतली थंडी या तीनपैकी एका वाटेने येते. काहींना तिन्ही वाटांनी.

माझी खुंटी खाली गेली होती. टीएसएच, म्हणजे ही ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक, मर्यादेच्या कितीतरी पट.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मनात आलं, मिठागरांच्या कडेला जन्म काढला, मासे खाऊन वाढले, मग मला थायरॉइड कसा? आयोडीन कमी पडलं की थायरॉइड बिघडतो, एवढं शाळेत शिकलेलं. या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे कळलं ते आमच्या भागातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं, पण चिमूटभरही नाही: एका लिटरमध्ये सुमारे ६० मायक्रोग्रॅम, आणि मीठ सुमारे ३५ ग्रॅम. खाजणातलं पाणी वाफ्यात आटवून मीठ काढताना त्यातलं सगळंच्या सगळं आयोडीन मिठात उतरलं असं धरलं, तरी १० ग्रॅम मिठातून मिळणार जेमतेम १७ मायक्रोग्रॅम. माणसाला रोज हवं १५० मायक्रोग्रॅम. थोडक्यात, भाईंदरच्या आगरातलं पांढरंशुभ्र मीठ कितीही ताजं असलं तरी ते थायरॉइडच्या उपयोगाचं नाही. त्यात आयोडीन वरून मिसळावं लागतं. आपल्याकडे याचा पुरावा उभा राहिला तो हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात. तिथे गळ्याला गाठी आलेली माणसं गावोगाव होती. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे भाग पाडून काही भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधं मीठ पुरवलं. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड ओसरला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. घरापर्यंत पोचलेल्या मिठात दशलक्षात १५ भाग आयोडीन असावं असा नियम आहे. १० ग्रॅमला गुणून पाहा, बरोबर १५० मायक्रोग्रॅम येतात.

मग मीठही आयोडीनचं, मासेही समुद्राचे, तरी मला झालं ते का? कारण आज शहरांत दिसणारा थायरॉइडचा बराचसा मंदपणा उपासमारीचा नाही, घरभेदीपणाचा आहे. शरीराचीच संरक्षक फौज ग्रंथीवर चालून जाते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टराने १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोतोचा आजार म्हणतात. यात जास्त आयोडीन खाऊन फायदा नाही. उलट अतिरेकाने ग्रंथी आणखी बिघडू शकते. देशातल्या ८ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांचा थायरॉइड मंद आढळला. समुद्राकाठच्या शहरांत प्रमाण थोडं कमी होतं, साडेनऊ टक्क्यांच्या घरात. समुद्र तेवढीच सूट देतो.

थायरॉइडच्या मंदपणाची गोष्ट मला फार आवडते. लंडनचे विल्यम गल यांनी १८७३ मध्ये सुजलेल्या, मंदावलेल्या, थंडीने कावलेल्या बायकांचं वर्णन केलं. चार वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी त्याला मिक्सिडीमा नाव दिलं. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती सुधारली, आणि पुढे अर्क पोटातून घेत आणखी २८ वर्षं जगली. १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी गेली. तोवर तिच्यासाठी ८७०हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी वापरल्या गेल्या होत्या. माझी रोजची गोळी मसुरीच्या डाळीएवढी आहे. ती गिळताना कधीकधी तो कळप डोळ्यांपुढून जातो.

गोळीचं शास्त्र सोपं, पण कडक. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्यायचे. डोस बदलल्यावर रक्त पुन्हा तपासायचं ते सहा आठवड्यांनी. त्याआधी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडणं म्हणजे तांदूळ चुलीवर ठेवून लगेच झाकण उघडणं.

आता दुसरी वाट, रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. अर्ध्याहून जास्त! लोह कमी असलं की प्राणवायू कमी पोचतो, स्नायूंची भट्टी नीट पेटत नाही. आपल्या बायका हे ‘अशक्तपणा’ या एका शब्दात गुंडाळतात आणि जेवणावर लगेच चहा घेतात, जो अन्नातलं लोह अडवतो. चहा तासाभराने घ्या, जेवणात लिंबू पिळा. पण हिमोग्लोबिन फार खाली असेल तर लिंबावर भागवू नका. कारण शोधा, गोळ्या घ्या.

किडनीच्या रुग्णांची थंडी सर्वांत वाईट. माझ्या नात्यातल्या एका मावशींबरोबर मी डायलिसिसला बसले आहे. रक्त तयार करण्याचा निरोप देणारं संप्रेरक किडनीतून येतं, त्यामुळे रक्तक्षय ठरलेला. त्यात चार तास, आठवड्यातून तीनदा, रक्त नळीतून बाहेर जाऊन यंत्रातून फिरून परत येतं. रक्तदाब कोसळू नये म्हणून यंत्रातलं द्रावण पुष्कळदा मुद्दाम शरीरापेक्षा एखाद-दोन अंश थंड ठेवतात. वरून यंत्रांसाठी एसी. मावशी पायमोजे, कानटोपी आणि जुन्या लुगड्यांची गोधडी घेऊन जायच्या. गोधडीला तोड नाही, कारण थरांमध्ये अडकलेली हवाच खरी ऊब धरते. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायच्या, हातावर घट्ट बाही चालत नाही, म्हणून आम्ही त्यांच्या स्वेटरची एक बाही उसवून बटणं लावली होती. पण डायलिसिस चालू असताना ताप आणि हुडहुडी आली तर ती गोधडीने दाबायची नाही. ती जंतुसंसर्गाची खूण असू शकते, सिस्टरना तत्काळ सांगायचं. फिस्टुलाचा हात एकटाच गार, फिका, दुखरा होत असेल तर तेही.

तिसरी वाट नळ्यांची, आणि ती आमच्या कोळणींच्या ओळखीची. बर्फातले मासे दिवसभर हाताळल्यावर काही जणींची बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात, ठणकतात. मोरीस रेनो या फ्रेंच डॉक्टराने १८६२ मध्ये याचं वर्णन केलं. बर्फाचं काम सोडा, असं म्हणणं सोपं. त्याने पोट भरत नाही. रबरी हातमोज्याच्या आत सुती मोजा, आणि मिश्री-तंबाखू बंद, एवढं जमतं. तंबाखूतलं निकोटीन याच नळ्या आवळतं. दातांना मिश्री लावत बोटांना शेक देणं म्हणजे एका हाताने भरायचं, दुसऱ्याने सांडायचं. बोटांवर जखमा होत असतील, सांधे धरत असतील, तर मात्र संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जावं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातल्या, हातपाय गार पडतात. डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

ऊब आणण्याच्या बाबतीत माझं मत अनुभवाने बदललं. आधी मी फक्त मोजे चढवायची. खरं तर आधी धड गरम करावं. छाती-पोट उबदार झालं की मेंदू स्वतःहून हातापायांचे नळ सोडतो. म्हणून आता बिनबाह्यांचं जाकीट आधी, मोजे नंतर. आमच्या दमट हवेत जाड स्वेटरखाली घाम येतो, तो सुकताना दुप्पट थंडी देतो. त्यापेक्षा पातळ दोन थर बरे, आणि आतला ओला झाला की बदलायचा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुटतात तेव्हा त्या बाजूची खिडकी बंद. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला मी शालीखाली जाकीट घालून जाते आणि कुणाला खुलासा देत नाही.

मधुमेह असलेल्यांनी गरम पाण्याच्या पिशवीपासून जपावं. पायाची जाणीव कमी झालेली असते, पाय गार लागतो पण भाजल्याचं कळत नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो, आणि तो महिनोन्‌महिने भरत नाही. त्यांना मोजे आणि पांघरूण, बस. बंद खोलीत शेगडी कुणीच ठेवू नये. आणि आमच्याकडे लग्नाकार्यात मसाला घातलेली गरम दारू फिरते, तिच्याबद्दल: त्वचेतल्या नळ्या सैल होतात म्हणून ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जात असते. चव म्हणून घ्या, औषध म्हणून नको. खारवलेल्या माशांचं कालवण माझ्यासारखीला चालेल. किडनी आणि रक्तदाबवाल्यांना त्यातलं मीठ महागात पडतं.

अचानक दात वाजवत आलेली थंडी ही वेगळी गोष्ट. पावसाळ्यात, ताप चढत असताना आलेली हुडहुडी मलेरियाची असू शकते. तिथे रक्ततपासणीला एक दिवसही थांबू नये. आणि थायरॉइडचा जुना रुग्ण गार पडून गुंगीत जाऊ लागला, बोलणं अडखळलं, तर सरळ रुग्णालय गाठायचं.

आमच्या घरातला पंखा आता तीनवर असतो. मी एकवरून वर आले, ते चौघं पाचवरून खाली आले. रिपोर्ट सगळ्यांना दाखवला, त्याचा हा परिणाम, गोळीइतकाच त्याचाही.

तुम्हालाही अशी थंडी वाजत असेल तर डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराचं टिपण न्या: कुठे गार लागतं, केव्हा, बोटांचा रंग बदलतो का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच, साखर आणि क्रिएटिनिन यांबद्दल विचारा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या सकाळची रक्त दिल्यानंतर घ्यायची का, तेही आधीच विचारून ठेवा. आणि शाल न्या. लॅबमध्ये एसी असतो.