आयर्लंडचा गर्भपात कायदा: धर्म नेमका कुठे आडवा आला?

बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात मरण पावल्या. आपल्याकडे ती बातमी एका वाक्यापुरती उरली: ‘हा कॅथलिक देश आहे’ म्हणून त्यांना गर्भपात नाकारला. ते वाक्य कुणी रचलेलं नाही. तिथल्या एका सुईणीने आपण तसं बोलल्याचं मृत्यूच्या न्यायचौकशीत मान्य केलं. पण त्यावरून एखाद्या धर्मवेड्या डॉक्टरने आपली श्रद्धा रुग्णावर लादली असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. सविता १७ आठवड्यांच्या गर्भवती होत्या, गर्भजल अकाली गेलं होतं आणि गर्भ वाचणार नाही हे कळून चुकलं होतं. तरी त्याच्या हृदयाचे ठोके चालू होते, आणि आईच्या जिवाला खरा व मोठा धोका असल्याशिवाय गर्भपात करायला कायद्याची मुभा नव्हती. डॉक्टर कुठल्याही धर्माचा असता तरी याच पेचात सापडला असता. धर्म आडवा आला होता तो २९ वर्षं आधी, मतपेटीपाशी.

१९८३ साली आयर्लंडच्या मतदारांनी जवळपास ६७ टक्के मतांनी आठवी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि न जन्मलेल्याचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीचा ठरवला. मात्र बंदी मुळात चर्चने आणली, हाही गैरसमजच. गर्भपाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटचा, १८६१ सालचा. आपल्या जुन्या, २०२४ पर्यंत लागू असलेल्या दंडसंहितेतलं गर्भपाताचं कलम ३१२ त्याच्या एक वर्ष आधीचं, त्याच राजवटीचं. कॅथलिक परंपरेने गर्भपाताला पाप नेहमीच मानलं, पण गर्भात आत्मा केव्हा येतो यावर तिच्यात शतकानुशतकं मतभेद होते. थॉमस अक्वायनससारखा धर्मपंडित तो काही आठवड्यांनी येतो असं मानत असे. गर्भाच्या अवस्थेनुसार शिक्षेत केलेला फरक पोप नवव्या पायसने काढून टाकला तो १८६९ साली. आणि १९८३ मध्ये कॅथलिक बिशप दुरुस्तीच्या बाजूने उभे असताना प्रॉटेस्टंट चर्चांनी तिला विरोध केला होता. म्हणजे ‘धर्म असं सांगतो’ म्हणताना कोणता धर्म, कोणत्या शतकातला, हे विचारावंच लागतं.

सवितांच्या मृत्यूचा दोष कायद्याला देण्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे: सविता कायद्यामुळे नव्हे, हलगर्जीपणामुळे गेल्या. न्यायचौकशीच्या ज्यूरीने एकमताने ‘वैद्यकीय दुर्घटना’ असा निकाल दिला. रक्तातला जंतुसंसर्ग वेळेवर ओळखला गेला नाही आणि उपचारांच्या अनेक संधी हुकल्या, हे नंतरच्या अहवालांनीही नोंदवलं. हे सगळं खरं आहे. पण या मृत्यूची तपासणी करणाऱ्या प्राध्यापक अरुलकुमारन यांच्या समितीने कायद्याचा लावलेला अर्थ हेही मृत्यूला हातभार लावणारं ठोस कारण मानलं. न्यायचौकशीत साक्ष देणारे प्रसूतितज्ज्ञ पीटर बॉयलन यांनी तर पेच उघडाच करून दाखवला: मृत्यूआधीच्या सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात झाला असता तर त्या बहुधा वाचल्या असत्या, पण त्या दोन दिवसांत त्या इतक्या आजारी नव्हत्या की तो कायदेशीर ठरला असता, आणि जेव्हा तो कायदेशीर ठरला असता, तेव्हा उशीर झाला होता. अशा कायद्याखाली डॉक्टरला रुग्णाकडे बघताना एक डोळा फौजदारी न्यायालयाकडे ठेवावा लागतो. हलगर्जीपणा आणि कायदा ही दोन वेगळी कारणं म्हणून मांडली जातात. माझ्या मते इथे एकाने दुसऱ्याला वाव दिला.

बहुसंख्यांच्या धर्मावरून त्यांचं कायद्याबद्दलचं मत ओळखता येतं, ही समजूतही आयर्लंडने खोटी पाडली. २०१६ च्या जनगणनेत ७८ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं. त्याच देशाने २५ मे २०१८ रोजी आठवी दुरुस्ती ६६.४ टक्के मतांनी रद्द केली; विरोधात कौल देणारा मतदारसंघ एकच, डोनेगल. इतक्या मतांत स्वतःला कॅथलिक म्हणणाऱ्यांची मतं नव्हती असं मानायला हिशेबच जुळत नाही. आपल्याला हे नवखं वाटायचं कारण नाही. धर्मशास्त्रात भ्रूणहत्या महापातकांच्या पंक्तीत असूनही आपल्या संसदेने १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा केला, तोही महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालावरून. पोथ्यांचा काथ्याकूट करण्यापेक्षा चोरून, अडाणी हातांनी होणाऱ्या गर्भपातात बायका मरतात, याचा विचार समितीने केला.

बंदीने गर्भपात थांबतात का? २०१६ या एका वर्षात आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या ३,२६५ स्त्रियांनी इंग्लंड-वेल्समध्ये जाऊन गर्भपात करून घेतला. कायदा बदलल्यावर, २०१९ मध्ये, देशातच ६,६६६ गर्भपात नोंदले गेले. विरोधक हा आकडा पुढे करतात, आणि काही वाढ झालीच नसेल असं मीही म्हणणार नाही. पण आधीच्या आकड्यात इंटरनेटवरून मागवलेल्या गोळ्या नाहीत आणि इंग्लंडमधल्या नातेवाइकांचा पत्ता देणाऱ्याही नाहीत. त्यामुळे दोन्हींची वजाबाकी करून काही सिद्ध होत नाही. तिकिटाचे पैसे नसलेली, व्हिसाची अडचण असलेली किंवा प्रवास न झेपणारी बाई मात्र बंदीत नक्की अडकत होती.

राहिला सगळ्यात खोल आक्षेप: कायदा नीतीवरच उभा असतो, मग धर्माची नीती तेवढी बाहेर का? खुनाला सगळेच धर्म पाप म्हणतात, म्हणून खुनाचा कायदा धार्मिक ठरत नाही. तो दुसऱ्या धर्माच्या आणि निधर्मी माणसालाही पटेल अशा कारणांवर उभा आहे. गर्भाला नैतिक मोल आहे हा युक्तिवाद तशा कारणांनी करता येतो, करायलाही हवा. आयर्लंडच्या नव्या कायद्याने तो पूर्ण उडवून लावलेला नाही: मागणीवरून गर्भपात १२ आठवड्यांपर्यंतच, तोही तीन दिवस थांबून. आणि ज्या डॉक्टरची सदसद्विवेकबुद्धी नकार देते त्याला नकाराचा हक्क आहे, फक्त त्याने रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवायला हवं. रुग्णाच्या जिवावर तातडीचं संकट असेल, तर मात्र हा हक्कही चालत नाही.