साक्षीदाराची परीक्षा

परभणी जिल्ह्यातील उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला उष्णतेचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. एप्रिल व मे या महिन्यांत पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या वर चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि गुरे झाडांच्या सावलीत जाऊन उभी राहतात. पूर्वी या उन्हापासून बचाव करण्यास वाळ्याचे पडदे आणि मातीचे माठ एवढीच साधने होती. आता दुकानांत, दवाखान्यांत आणि कित्येक घरांत वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपण ज्याला एसी म्हणतो ते यंत्र, दिसू लागले आहे.

या यंत्राचे दोन भाग असतात. एक खोलीच्या आत भिंतीवर असतो, तर दुसरा बाहेर गच्चीवर किंवा सज्जावर ठेवलेला असतो. मोट जसे विहिरीतील पाणी उचलून वर ओतते, तसे हे यंत्र खोलीतील उष्णता उचलून बाहेरच्या हवेत ओतते. उष्णता वाहून नेण्याचे काम नळ्यांतून फिरणारे एक द्रव्य करते. त्या द्रव्याला दाब देऊन फिरते ठेवणारा कॉम्प्रेसर बाहेरील भागात असतो. तो या यंत्राचे जणू हृदयच होय.

कॉम्प्रेसरने किती जोर लावावा, पंखा किती वेगाने फिरवावा, हे कोण ठरवते? ते यंत्रातील पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग जोडलेली पाटी, ठरवते. परंतु या पाटीला डोळे नाहीत की त्वचा नाही. बाहेर ऊन आहे की थंडी, नळी तापली की निवली, हे तिला स्वतःला कळत नाही. ते सांगण्यासाठी लहान लहान साक्षीदार नेमलेले असतात. त्यांना सेन्सर म्हणतात. नव्या धर्तीच्या यंत्रांच्या बाहेरील भागात बहुधा असे तीन सेन्सर असतात. पहिला बाहेरच्या हवेचे तापमान सांगतो, दुसरा नळ्यांच्या जाळीचे, आणि तिसरा कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या अतिशय तप्त नळीचे.

हा सेन्सर दिसावयास अगदी क्षुद्र असतो. तांब्याच्या बारीक टोपणात बसवलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी आणि त्याला जोडलेल्या दोन तारा, एवढेच त्याचे रूप. या मण्याला थर्मिस्टर म्हणतात. त्याचा गुण मात्र मोठा विलक्षण आहे. तांब्याची तार तापली की विजेला होणारा तिचा विरोध वाढतो. हा मणी तापला की त्याचा विरोध घटतो. असा उलटा गुण काही पदार्थांत असतो, हे मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना पाहिले होते. लोहाराच्या घरी जन्मलेल्या आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या मुलाने टिपलेले निरीक्षण आज आपल्या गच्चीवर राबत आहे.

विजेला होणारा विरोध ओहम या एककात मोजतात. थर्मिस्टरच्या एका प्रचलित प्रकारात २५ अंश सेल्सिअसला हा विरोध १० हजार ओहम असतो. तो ४० अंशांना सुमारे सव्वापाच हजारांवर येतो आणि शून्य अंशाला ३२ ते ३३ हजारांपर्यंत चढतो. पाटी हा आकडा वाचते आणि त्यावरून तापमान ताडते.

आता अशी कल्पना करा की, जिंतूरला औषधांचे एक दुकान आहे. अनेक औषधांच्या वेष्टनावर ती ३० अंशांहून कमी तापमानात ठेवावीत, अशी सूचना छापलेली असते. मे महिन्याच्या भर दुपारी दुकानातील एसी थांबतो आणि त्याच्या दर्शनी भागावर एक अक्षर व एक अंक लुकलुकू लागतो. ही बिघाडाची खूण होय. प्रत्येक कंपनीच्या खुणा वेगळ्या असल्याने कारागीर त्या यंत्राची पुस्तिका उघडतो. खुणेचा अर्थ निघतो : बाहेरील सेन्सरमध्ये दोष. कोणी म्हणतो, ''कॉम्प्रेसर गेला असेल.'' कोणी म्हणतो, ''पाटीच बदलून टाका.'' उतावळेपणाने यांपैकी काही बदलले, तर दुकानदाराचे हजारो रुपये जातील आणि कदाचित दोष तसाच राहील. विचारी कारागीर मात्र आधी साक्षीदाराची परीक्षा घेतो.

प्रथम तो वीज बंद करतो आणि काही मिनिटे थांबतो. कारण वीज तोडल्यावरही यंत्रातील कपॅसिटरमध्ये ती काही काळ साठून राहते. मग तो हात न लावता नुसते पाहतो. उंदराने तार कुरतडली आहे काय? पावसाचे पाणी शिरून जोडणीच्या पिना हिरवट पडल्या आहेत काय? नळीला घट्ट चिकटून असावयाचा सेन्सर चिमट्यातून निसटून हवेत लोंबत आहे काय? कित्येकदा दोष येथेच सापडतो.

डोळ्यांनी काही आढळले नाही, तर तो सेन्सर पाटीपासून सोडवतो आणि मल्टीमीटर नावाच्या मापकाने त्याचा विरोध मोजतो. तार आतून तुटली असेल, तर विरोध जणू अनंत होतो. पाटीला वाटते, बाहेर ध्रुवप्रदेशाहूनही अधिक थंडी पडली आहे! दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील, तर विरोध शून्यावर येतो आणि पाटीला वाटते, भट्टी पेटली आहे. या दोन्ही साक्षी इतक्या अशक्य असतात की पाटी स्वतःच त्या नाकारते आणि बिघाडाची खूण दाखवते.

खरा कठीण प्रसंग तिसरा आहे. सेन्सर जुना होतो, ओल खातो आणि थोडेसेच खोटे सांगू लागतो. अशी साक्ष शक्य वाटते, म्हणून पाटी ती खरी मानते आणि कोणतीही खूण दाखवत नाही. सेन्सरने उष्णता फुगवून सांगितली, तर यंत्र विनाकारण मंदावते. कमी करून सांगितली, तर त्याहून वाईट. कॉम्प्रेसर तापत असतानाही त्याला कोणी आवरत नाही आणि अखेरीस तो जळू शकतो. पूर्ण असत्य लवकर उघडे पडते, अर्धसत्य मात्र घात करते, हा व्यवहारातील अनुभव येथेही खरा ठरतो.

हे अर्धसत्य पकडण्यासाठी कारागीर एका साध्या वस्तूची मदत घेतो, ती म्हणजे बर्फ. बर्फाचा चुरा व थोडे पाणी एकत्र ढवळले की त्या मिश्रणाचे तापमान शून्य अंश राहते. जिंतुरातही तेच आणि लंडनमध्येही तेच. सेन्सरचे टोक पातळ पिशवीत घालून त्यात काही मिनिटे बुडवले की पुस्तिकेतील आकडा आणि मापकावरील आकडा जुळतो की नाही, हे कळते. नंतर टोक मुठीत धरले असता विरोध सावकाश, न अडखळता उतरला पाहिजे.

सेन्सर निर्दोष ठरला, तर ऐकणाऱ्याची परीक्षा बाकी राहते. कारागीर सेन्सरच्या जागी १० हजार ओहमचा एक साधा रेझिस्टर जोडतो. आपण पाहिलेल्या प्रकारच्या सेन्सरऐवजी तो जोडला, तर पाटीने बाहेर २५ अंश आहेत, असे समजले पाहिजे. तरीही बिघाडाची खूण हटली नाही, तर दोष पाटीत आहे.

आणखी एक शक्यता विसरता कामा नये : साक्षीदार खरे बोलत असेल! परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात हवामानाची नोंद ठेवली जाते. अशा वेधशाळांत तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. तापलेल्या गच्चीवरच्या यंत्राभोवतीची हवा त्याहून बरीच उष्ण असते. शिवाय मानवत, सेलू हा कापसाचा मुलूख. धूळ आणि कापसाचे तंतू नळ्यांच्या जाळीवर बसले की उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी जाळी धुणे हाच उपाय. खऱ्या साक्षीदाराला बदलून काय उपयोग?

विद्यार्थ्यांनो, एसीचे झाकण तुम्ही कधीही उघडू नका. ते जाणत्या माणसाचे काम आहे. पण शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापक बर्फाच्या पाण्यात बुडवून तो शून्य दाखवतो की नाही, हे शिक्षकांच्या देखरेखीखाली अवश्य पाहा. तापमापक, तराजू, घड्याळ ही सारी आपले साक्षीदारच होत. त्यांच्या शब्दावर निर्णय घेण्यापूर्वी ज्याच्याविषयी शंका नाही अशा मापाशी त्यांना ताडून पाहावे. एवढी सवय ज्याने लावून घेतली, त्याच्या हातून निर्दोष वस्तू टाकून दिली जाणार नाही आणि सदोष वस्तूवर विश्वासही ठेवला जाणार नाही.