ब्रेक दाबला आणि टपावरचे दिवे लागले

हिवाळाभर झाकून ठेवलेली आमची मोटरहोम एप्रिलमध्ये बाहेर काढली, तेव्हाची गोष्ट. आम्ही ओहायोत राहतो. गाडी तीस वर्षांपूर्वीची. नवरा ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता, मी मागे उभी होते.

“दाबलास का ब्रेक?”

“केव्हाचा दाबलाय!”

ब्रेकलाइट लागलेच नव्हते. त्याच लाल काचेआडची पार्किंगची बारीक तार मात्र तांबूस झाली होती आणि टपाच्या कडेचे पाच लाल दिवे मिणमिणत होते. पार्किंग लाइटचं बटण तर बंद होतं. पुढे जाऊन पाहिलं, तर केबिनच्या माथ्यावरचे पाच पिवळे दिवेही तसेच. मग पार्किंग लाइट लावायला सांगितले. पुढचे दिवे लख्ख लागले आणि मागे मिट्ट काळोख!

अशा वेळी माणूस आधी बल्ब बदलतो. पण वेगवेगळे दिवे एकदम वेड्यासारखे वागायला लागले, की दोष बहुतेक वेळा बल्बचा नसतो. वीज दिव्यापर्यंत नीट पोचते, तिची परतीची वाट तुटलेली असते.

टपावरचे हे दिवे शोभेचे नाहीत. 80 इंच किंवा त्याहून रुंद गाड्यांना ते लावावेतच, असा अमेरिकेत नियम आहे. मधले तीन सांगतात की मोठी गाडी येतेय, कोपऱ्यांतले दोन तिची रुंदी दाखवतात. पावसाळी रात्री हायवेवर मागून येणाऱ्याला आपल्या गाडीचा अंदाज येतो तो एवढ्यावरूनच. म्हणून हे काम मी कधीही ‘पुढच्या ट्रिपनंतर बघू’ म्हणून सोडत नाही.

विजेची ही परतीची वाट समजायची तर मोटरहोम कशी बनते ते बघायला हवं. इंजिन, चासी, केबिन आणि मागच्या दिव्यांपर्यंतच्या वायरी एका कंपनीच्या. त्यावर घर बांधते दुसरीच कंपनी. ती आपली वायरिंग पहिलीच्या वायरींना कुठेतरी जोडते, बहुधा गाडीच्या पोटाखाली, जिथे चाकांचं पाणी उडतं. बॅटऱ्याही दोन असतात, एक इंजिनाची आणि एक घराची. दाराजवळचा दिवा घराच्या बॅटरीवर, ब्रेकलाइट आणि टपावरचे दिवे इंजिनाच्या. दाराजवळचा दिवा लागतो म्हणजे वायरिंग ठीक, हा समज त्यामुळे फसवा.

साध्या कारचं पत्र्याचं अंगच परतीची तार असतं. मोटरहोमचं अंग बहुधा फायबरग्लासचं आणि आत लाकडी सांगाडा. त्यातून वीज जात नाही. म्हणून दिव्यांना अर्थची, म्हणजे परतीची, वेगळी वायर लागते आणि अशा अनेक वायरी एकत्र करून चासीवर एकाच स्क्रूखाली आवळलेल्या असतात. तो स्क्रू गंजला की मागचे सगळे दिवे एकदम पोरके होतात.

मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची जाड आणि पार्किंगची बारीक. दोघींचा अर्थ एकच. तो तुटला की ब्रेकच्या तारेतून आलेली वीज बारीक तारेतून उलटी शिरते, पार्किंगच्या वायरने थेट पुढच्या दिव्यांपर्यंत जाते आणि तिथल्या शाबूत अर्थमधून घरी परतते. एवढ्या दिव्यांतून वाट काढताना तिचा जोर विभागला जातो, म्हणून सगळे मिणमिणतात. आमचं कोडं ते हेच.

खात्री करायला मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, लाल पिन मागच्या दिव्याच्या अर्थला, आणि ब्रेक दाबायला सांगितला. अर्थ चांगला असेल तर काटा जवळपास शून्यावर हवा, 0.2 व्होल्टपर्यंत चालतं. आमच्याकडे 11 आले. मीटर नसेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून लांब वायर ओढून दिव्याच्या अर्थला टेकवावी. दिवा फटकन उजळला तर शोध संपला. मात्र ही तपासणी दिवा चालू ठेवूनच करायची. सात धाग्यांच्या वायरीचे सहा धागे तुटलेले असले, तरी नुसतं मीटर बारा व्होल्ट दाखवतं. दिव्याचा भार पडल्यावरच खरं रूप कळतं. आणि व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर साध्या बल्बचा उजेड तीस टक्के घटतो.

स्क्रू सापडला मागच्या बंपरच्या आत. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते तिथे साठलं होतं. पांढऱ्या वायरीचं थिंबल हिरवं पडलेलं आणि बोट लावताच सुटून आलं. वायर मागे कापत गेले, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. नवं थिंबल दाबून बसवलं, वर गोंदाची स्लीव्ह गरम करून घट्ट केली, चासी पॉलिश पेपरने घासली, दातेरी वॉशर घातला आणि वरून ग्रीस. जुन्या मालकाने वायर न सोलता चिमटीत धरणारे निळे क्लिप लावले होते, तेही काढले. त्यांची पाती वायरीचे धागे कापतात आणि पाणी आत घेतात. वायरींच्या रंगांवर मी विसंबत नाही. कंपनी बदलली की रंगही बदलतो.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका, हे हात जोडून सांगते. वायरी लाकडी भिंतींतून गेलेल्या असतात, त्या तापल्या तर घर पेटेल. त्या फ्यूजवर चालणारे सगळे बल्ब काढा आणि फ्यूजच्या जागी ब्रेकचा एक बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो जळत राहतो. मग वायर ठिकठिकाणी हलवत जा. ज्या जागी तो विझेल, तिथे उंदराने कुरतडलेलं किंवा स्क्रू आरपार गेलेला सापडेल.

एलईडी बल्ब लावणाऱ्यांसाठी एक सूचना. जुना फ्लॅशर वायरीतल्या करंटने तापून चालू-बंद होतो. एलईडी एवढा कमी करंट घेतो, की इंडिकेटर लुकलुकतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा लागतो.

संध्याकाळी पुन्हा ब्रेक दाबायला लावला. दोन्ही बाजूंचे लाल दिवे लख्ख लागले, टपावर अंधार. पार्किंग लाइट लावले, तर पुढचे-मागचे दहाच्या दहा लागले. फक्त केबिनवरच्या उजव्या कोपऱ्यातल्या दिव्याच्या काचेत पाणी साचलेलं दिसलं. शिडी लावून तो काढला. खालच्या प्लायवर अंगठा दाबला, तर अंगठा आत गेला.