दुकानदाराच्या पसंतीची कादंबरी आणि तबकडी

खानदेशातल्या दोंडाईचाच्या बाजारात मिरची घेणारा व्यापारी रंग पाहतो, मूठ आवळून ओल किती राहिली आहे याचा अंदाज करतो आणि मगच भाव बोलतो. कादंबरीच्या किंवा गाण्यांच्या अल्बमच्या खरेदीत मात्र ही सोय नसते, कारण त्यांचा कस वाचून-ऐकून झाल्यावरच लागतो आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. अशा वस्तूला अर्थशास्त्रात ‘अनुभववस्तू’ म्हणतात, आणि तिच्या व्यवहारात गिऱ्हाईक ओळखणाऱ्या विक्रेत्याच्या शब्दाला मोल येते.

टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये मुंबईच्या स्ट्रँड चित्रपटगृहात मांडलेला छोटा स्टॉल पुढे फोर्टमध्ये ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ म्हणून नावारूपाला आला, तो गिऱ्हाईकाची आवड ध्यानात ठेवून नेमके पुस्तक पुढे करण्याच्या हातोटीमुळे. त्याच वर्षी काळा घोडा येथे ‘रिदम हाऊस’ हे तबकड्यांचे दुकान सुरू झाले आणि अमेरिकेत एलपी, म्हणजे एका बाजूला वीसहून अधिक मिनिटे वाजणारी तबकडी, बाजारात आली. त्याआधीची, मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे, म्हणून अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधणीत ठेवत, आणि ‘अल्बम’ हा शब्द तिथूनच रूढ झाला. रिदम हाऊसमध्ये तबकडी आधी ऐकून पाहता येई; मिरचीच्या व्यापाऱ्याची थोडी चैन संगीताच्या गिऱ्हाईकाला लाभली ती एवढीच. रिदम हाऊस 2016 मध्ये आणि स्ट्रँड 2018 मध्ये बंद झाले.

मराठीत गिरगावच्या ‘मॅजेस्टिक बुक स्टॉल’चे केशवराव कोठावळे यांनी जानेवारी 1964 मध्ये ‘ललित’ मासिक काढून पुस्तकांविषयीचे बोलणे दुकानाबाहेर, गावोगावच्या वाचकांपर्यंत नेले. कोठावळ्यांसारखा विक्रेताच प्रकाशकही असला की शिफारस कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते हे सांगणे अवघड होते, ही गोष्ट वेगळी.

खानदेशातल्या दुकानात हक्काने पुढे करावी अशी कादंबरी म्हणजे यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची 1963 मधील ‘कोसला’. गावाकडून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर तिरकस, कधी हताश बोलीत आपली हकिगत सांगतो आणि शेवटी गावीच परततो. मात्र रंगतदार कथानक मागणाऱ्याच्या हाती ती दिली तर प्रत परत येण्याचीच शक्यता अधिक, आणि हे ओळखण्यातच विक्रेत्याचा कस लागतो.

तबकडीची निवड त्या मानाने सोपी आहे. ती असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांची. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवार यांच्या संगीतात त्यांतील काही रचना गायिल्या गेल्या. बहिणाबाईंची लेवा बोली छापील पानावर नव्या वाचकाला अडखळवते, पण कानाला ती अडत नाही, दोंडाईचाकडच्या अहिराणी बोलणाऱ्या माणसाला तर नाहीच. म्हणून जाणता दुकानदार आधी गाणे ऐकवील आणि मग पुस्तक बांधून देईल.