थंडीत धावताना

नागपूरच्या जरीपटका भागात बर्फ पडत नाही. तथापि हिवाळ्यातील पहाट तेथेही बोचरी असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा पहाटे धावावयास निघालेली मुले आरंभी कुडकुडतात. परंतु थोड्याच वेळात त्यांना घाम सुटतो. असे का व्हावे?

धावताना स्नायू पुष्कळ उष्णता निर्माण करतात. खरा धोका असतो तो थांबल्यावर. स्नायूंची ऊब ओसरते. पण घामाने भिजलेले कपडे अंगाला चिकटून राहतात. घामाची वाफ होताना शरीरातील उष्णता खर्ची पडते आणि वारा त्यात भर घालतो. म्हणून एका जाड कपड्याऐवजी पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत. थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब राखते आणि अंग तापताच वरचा थर उतरवता येतो. धाव संपताच ओले कपडे बदलावेत.

हिमप्रदेशात प्रथमच धावणाऱ्याने आणखी दक्षता घ्यावी. २०२३ साली लडाखमधील गोठलेल्या पँगाँग सरोवरावर २१ किलोमीटरांची शर्यत झाली. बर्फावर घर्षण अल्प असल्याने पाऊल निसटते. म्हणून तेथे पावले आखूड टाकावी लागतात. थंडीला भिऊ नये. परंतु तिचे नियमही मोडू नयेत.