बर्फाखालचा मासा आणि बर्फावरचा माणूस

इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या कितीतरी घरांतली मुले, सुना आणि जावई आज अमेरिकेच्या उत्तर अंगाला, मिनेसोटा राज्यात, नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहेत. पहिले दोन-तीन हिवाळे ती घरात शेकत बसून काढतात. मग एके दिवशी दूरध्वनीवरून वार्ता येते, ‘‘आई, या शनिवारी ऑफिसातल्या मंडळींबरोबर तळ्यावर मासे धरायला जातोय. गाडी तळ्यावरच लावायची.’’ आई विचारते, ‘‘तळ्यावर म्हणजे काठावर ना रे?’’ ‘‘नाही गं, तळ्यावर. मधोमध.’’ येथून पुढचे संभाषण सहसा सुखाचे होत नाही.

मुलगा थट्टा करीत नाही, एवढे प्रथम सांगितले पाहिजे. मिनेसोटा हे ‘दहा हजार तळ्यांचे’ राज्य म्हणवले जाते. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठ्या तळ्यांची सरकारी गणतीच ११,८४२ भरते. डिसेंबरापासून मार्चपर्यंत ही तळी गोठतात आणि मोठ्या तळ्यांवर वस्ती उठते. मिल लॅक्स नावाचे सरोवर सुमारे दोनशे चौरस मैलांचे आहे. चांगल्या हिवाळ्यात तेथे लाकडी आणि पत्र्याच्या झोपड्या हजारोंनी उभ्या राहतात, बर्फ नांगरून रस्ते काढतात, त्यांवर पाट्या लागतात. आपल्याकडे नदीच्या वाळवंटात जत्रा भरते, तसा हा प्रकार; फरक इतकाच की येथे पायाखाली वाळू नसून पाणी असते.

हा सारा खटाटोप ज्याच्यासाठी, तो मासा म्हणजे वॉलआय. १९६५ साली मिनेसोटाने त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. अंग सोनेरी-हिरवट, तोंडात तीक्ष्ण दात, आणि डोळे मात्र मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यासारखे पांढुरके. त्या डोळ्यांवरूनच त्याचे नाव पडले. पण हा मासा आंधळा मुळीच नव्हे. मांजराच्या डोळ्यात असतो तसा प्रकाश उलटवणारा पडदा याच्याही बुबुळामागे असतो, त्यामुळे अंधुक उजेडात तो लख्ख पाहतो. त्याचे भक्ष्य असलेले लहान मासे मात्र त्या वेळी चाचपडत असतात. दिवेलागणीची आणि झुंजुमुंजूची वेळ ही म्हणून त्याच्या शिकारीची वेळ. दिवसभर तो खोल पाण्यात सुस्त असतो व सूर्य कलला की उथळाकडे सरकतो. नवशिक्याने ही एक गोष्ट ध्यानात घेतली तर त्याचा अर्धा दिवस वाचेल: दुपारी बारा वाजता भोके पाडून चारला कंटाळून परतणारा माणूस नेमका मासा जेवायला बसतो तेव्हा घरी निघालेला असतो.

आता बर्फाविषयी. तयारी तयारी म्हणून लोक काठ्या, गळ आणि कोट यांच्या याद्या करतात. खरी तयारी बर्फ वाचायला शिकण्याची आहे. पाण्याचा एक विलक्षण गुण असा की ते चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्याहून गार झालेले पाणी हलके होऊन वर राहते, गोठते, आणि तो बर्फ तरंगतो. म्हणून तळे वरून गोठते व तळाशी मासे जिवंत राहतात. पाणी जर इतर पदार्थांप्रमाणे वागते तर तळी तळापासून गोठत आली असती आणि वॉलआयही नसता.

मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याची शिकवण अशी: नवा, स्वच्छ, काळसर पारदर्शक बर्फ किमान ४ इंच असेल तर माणसाने पायी जावे. लहान मोटारीला ९ ते १० इंच हवेत, मध्यम मालमोटारीला १३. हे आकडे झाले काळ्या बर्फाचे. हिम पडून, भिजून पुन्हा गोठलेला पांढरा बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा असतो. त्याला जाडी दुप्पट धरावी. आणि कोणताही बर्फ निर्धास्त नसतो, हे ते खाते स्वतःच बजावते. एकाच तळ्यात येथे दहा इंच तर वीस पावलांवर तीन, असे होते. झरा, ओढ्याचे तोंड, दोन बेटांमधली अरुंद वाट, बुडालेले लव्हाळे, येथे बर्फ कच्चा राहतो. वर भुसभुशीत हिमाचा थर असेल तर तो गोधडीसारखा खालच्या बर्फाला ऊब देतो, गोठू देत नाही, आणि भेगाही झाकतो.

यासाठी हातात पहार घेऊन चालायचे. शब्दशः पहार: लांब लोखंडी दांडा, टोकाला धार. चार पावले टाकावी, समोर जोराने आपटावी. एका घावात पाणी आले तर आल्या पावली मागे फिरावे. मधूनमधून भोक पाडून पट्टीने जाडी मोजावी. बर्फ रात्री गुरगुरतो, मधूनच तोफेसारखा आवाज करतो. त्याने नवखा माणूस घाबरतो. बहुधा तो आवाज थंडीउन्हाने बर्फ ताणला-आकसला जाण्याचा असतो, फुटण्याचा नव्हे. पण आवाजावर विसंबू नये, पट्टीवर विसंबावे.

गळ्यात दोन लाकडी मुठी दोरीने अडकवतात, प्रत्येकीला अणकुचीदार खिळा. पडलाच कोणी पाण्यात, तर ओल्या बर्फावर हात घसरतात. हे खिळे रोवूनच वर येता येते. मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्त यांनी गार पाण्यात शरीराचे काय होते याचा अभ्यास केला, स्वतः बर्फगार पाण्यात उतरूनसुद्धा. त्यांचा हिशेब सुटसुटीत आहे. पहिले एक मिनिट श्वास लागतो, तेव्हा धडपड न करता श्वास ताब्यात आणायचा. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, तेवढ्यात बाहेर यायचे. आणि शुद्ध जायला सुमारे एक तास लागतो. म्हणजे पडलेला माणूस लगेच मरतो ही समजूत खोटी, आणि वेळ भरपूर आहे ही समजूतही खोटी. ज्या दिशेने आलो तिकडे तोंड करावे, कारण तिकडच्या बर्फाने आपले ओझे पेलले होते. पाय मागे झाडून पोहल्यासारखे अंग बर्फावर सरकवावे, आणि वर आल्यावर उभे न राहता गडगडत दूर जावे.

मोठे संकट दरवेळी बर्फ पातळ असल्यानेच येते असेही नाही. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अप्पर रेड लेकवर बर्फाचा प्रचंड तुकडा काठापासून सुटला आणि त्यावर मासे धरीत असलेली सुमारे दोनशे माणसे पाण्यापलीकडे अडकली. सर्वजण सुखरूप परतले. हंगाम उगवताच धावणाऱ्यांत पहिल्या फेरीच्या माणसाने नसावे, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. जानेवारीचा मध्य बरा.

या रेड लेकचीच आणखी एक हकीकत आहे. बेसुमार मासेमारीने तेथला वॉलआय १९९० नंतरच्या दशकात जवळजवळ संपला. किनाऱ्यावरच्या ओजिब्वे लोकांनी आपली जाळी आवरली, १९९९ साली राज्यानेही बंदी घातली, पिलावळ सोडली, आणि २००६ मध्ये तळे पुन्हा खुले झाले. ओजिब्वे या माशाला ‘ओगा’ म्हणतात. गोऱ्या लोकांच्या कितीतरी आधीपासून ते बर्फाला भोक पाडून, लाकडी मासा नाचवून, भाल्याने मासे मारीत आले आहेत. मिल लॅक्सवरचा त्यांचा हक्क १८३७ च्या तहाने राखला गेला होता. पुढे तो नाकारला गेला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली पाच विरुद्ध चार मतांनी तो शाबूत ठरवला. तहनाम्यातल्या एका कलमावर पिढ्यांचे भवितव्य कसे लोंबकळते, हे १८१८ चा मंदसोरचा तह ठाऊक असलेल्या आपल्या शहराला वेगळे सांगायला नको. परवाना काढताना हा इतिहास माहीत असावा. परवाना प्रत्येकाला हवाच, आणि किती मासे व कोणत्या मापाचे ठेवावेत याचे नियम तळ्यागणिक व वर्षागणिक बदलतात. ते निघण्यापूर्वी पाहावेत. राज्यातल्या बहुतेक तळ्यांवर वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरच्या रविवारी संपतो.

हत्यारांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, ती उसनी मिळतात. सुताराच्या गिरमिटाचा थोरला भाऊ म्हणावा असे आठ इंची गिरमिट भोक पाडायला, भोकातला बर्फाचा चुरा उपसायला आपल्या पुरीच्या झाऱ्यासारखाच झारा, आणि दोन-अडीच फुटांची आखूड काठी. हिवाळ्यात एका माणसाला दोन गळांची मुभा आहे. एक हातात धरून चकचकीत धातूचे आमिष वरखाली नाचवायचे, थांबवायचे. मासा बहुतेक थांबलेल्या क्षणीच धरतो. दुसऱ्या गळाला जिवंत मासोळी लावून तो तळापासून फूटभर वर स्वस्थ सोडायचा. हल्ली ध्वनिलहरींचे एक यंत्र मिळते, त्यात तळ, आमिष आणि आमिषाकडे येणारा मासा रंगीत रेघांनी दिसतो. सेंट क्लाउडच्या डेव्ह गेन्झ यांनी १९८० नंतर घसरगाडीवर बसवलेला घडीचा तंबू आणि असले यंत्र घेऊन भोकामागून भोके पाडत माशाच्या मागे फिरण्याची रीत रूढ केली. त्याआधी एका भोकाशी दिवसभर बसण्याचा शिरस्ता होता. आम्हाला विचाराल तर यंत्राने गंमत थोडी कमी होते, पण थंडीत बसायचे आहे त्याला विचारा.

कपड्यांत सुती बंडी घरी ठेवावी. भोक पाडताना घाम येतो, सूत तो धरून ठेवते आणि अर्ध्या तासात तोच घाम गारठून अंगाला बिलगतो. आत लोकर, वर वारा अडवणारे जाड आवरण, आणि गिरमिट फिरवताना वरचा कोट काढून ठेवणे. बूट एक माप मोठे असावेत. घट्ट बुटात रक्त खेळत नाही.

झोपडीत गॅसची शेगडी पेटवतात. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या आपल्याकडेही छापून येतात. तोच विषारी वायू तेथेही जीव घेतो. हवेला वाट ठेवावी आणि वायूची सूचना देणारी घंटा बरोबर असावी. थंडीपेक्षा उबेची काळजी जास्त घ्या, असेच आम्ही म्हणू.

पहिल्या खेपेला मात्र यातले काही एकट्याने करू नये. तळ्याकाठचे विश्रामगृहवाले दिवसाच्या भाड्याने तापवलेली झोपडी देतात, स्वतः बर्फ मोजतात, वाट आखतात आणि आपल्या वाहनातून नेऊन आणतात. म्हणून आईवडिलांनी ‘जाऊ नकोस’ म्हणण्याऐवजी विचारावे: बर्फ किती इंच आहे, कोणी मोजला, बरोबर कोण आहे, परत किती वाजता येणार हे काठावर कोणाला सांगून ठेवले आहे? या चारांची उत्तरे तयार असतील तर खुशाल जाऊ द्यावे.

मासा मिळाला तर तो चवीला सौम्य, पांढरा, पदर सुटणारा असतो. भिंगाचे काटे वेचण्यात जन्म घालवलेल्या आपल्या कायस्थ प्रभू मंडळींना त्यात काट्यांचा त्रास जवळजवळ नाही. तेथले लोक दोन फोडी काढून पाव्याच्या चुऱ्यात तळतात आणि डोके टाकून देतात. टाकू नये, जाणकार त्याच्या गालाचे मांस आवडीने राखून ठेवतात. हळद, तिखट आणि कोकम लावून रव्यात तळला तरी तो नाही म्हणत नाही.

तिकडे दिवेलागणीला पाच वाजतात तेव्हा इकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे साडेचार झालेले असतात. तेव्हा पहिल्या माशाचे छायाचित्र येईल ते सकाळच्या चहाच्या सुमारास. तोवर फोन उशाशी घेऊन जागत बसण्याचे कारण नाही.