विश्लेषण : ऑलिम्पिक धावपटू राल्फ मेटकाफ आपल्याच नेत्याविरुद्ध का उभे राहिले?

१९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमधील १०० मीटर शर्यतीचे विजेते जेसी ओवेन्स जगाला ठाऊक आहेत. त्यांच्या एक दशांश सेकंद मागे राहिलेले राल्फ मेटकाफ मात्र विस्मरणात गेले. १९३२मध्ये लॉस एंजेलिसला तर मेटकाफ आणि एडी टोलन या दोघांचीही वेळ १०.३ सेकंद होती! चित्रफीत तपासून सुवर्णपदक टोलन यांना देण्यात आले. मेटकाफ यांना सुवर्ण मिळाले ते बर्लिनच्या ४ बाय १०० मीटर रिलेत.

पुढे शिकागोत ते डेमोक्रॅटिक पक्षाचे नगरसेवक झाले. महापौर रिचर्ड डेली यांचा शहरावर एकछत्री अंमल होता आणि मेटकाफ त्यांचे विश्वासू. डेलींच्याच पाठबळावर १९७१मध्ये ते अमेरिकी प्रतिनिधिगृहात पोहोचले.

मग बिनसले कुठे? १९७२मध्ये शिकागो पोलिसांनी कृष्णवर्णीय दंतवैद्यांना अपमानास्पद वागणूक दिली. मेटकाफ यांनी पोलिसी अत्याचारांबद्दल थेट डेलींनाच जाब विचारला. तेव्हाच्या शिकागोत ही राजकीय आत्महत्याच होती. १९७६च्या पक्षांतर्गत निवडणुकीत डेलींनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार उतरवला. निकाल? मेटकाफ सहज जिंकले. १९७८मध्ये निधन झाले, तेव्हाही ते खासदारच होते.